जुन्या मोटारीचे मंद दिवे

चौक गांव मुंबई–पुण्याच्या जुन्या हमरस्त्यावर वसलेलें असल्यामुळें मोटारींचा व आमचा परिचय फार दिवसांचा आहे. द्रुतगती मार्ग झाल्यावर बरीच रहदारी तिकडे वळली. तथापि कित्येक घरांच्या पडवींत एखादी जुनी लहान गाडी अद्याप जतन करून ठेविलेली दिसते. ती बहुधा वडिलांनीं हौसेनें घेतलेली मारुति ८०० किंवा त्याहूनही जुनी प्रीमियर पद्मिनी असते. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ती १९६४ पासून ‘डिलाइट’ या नांवानें व १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें तयार होऊं लागली. मुंबईंतील तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. अशा गाडीचें इंजिन, निगा राखल्यास, दीर्घकाळ चालतें. ती धन्यास दगा देते ती बहुधा विजेच्या बाबतींत. आषाढांतल्या रात्रीं घरांतील आजारी मनुष्यास पनवेलीस न्यावयाचें असतें, बाहेर मुसळधार पाऊस असतो, आणि गाडीचे दिवे देवघरांतील समईइतकेच उजळतात. म्हणून हा विषय केवळ हौशी लोकांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दिवे मंद झाले कीं पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते. चार दिवस बरे जातात. मग डायनॅमो बदलण्याचा सल्ला मिळतो. शेवटीं कोणी तरी अधिक वॉटांचे दिवे बसवून देतो, आणि दुखणें बरें होण्याऐवजीं दुप्पट होतें. वास्तविक दिवाही चांगला असतो व बॅटरीही चांगली असते. दोष त्या दोहोंच्या मधल्या वाटेंत असतो. शुभवर्तमानांतील मापाखालीं ठेविलेल्या दिव्यासारखी ही स्थिति आहे. ज्योत आहे, परंतु उजेड घरांत पोहोंचत नाहीं.

हें असें कां व्हावें तें समजण्यास लांब जावें लागत नाहीं. आपल्या शेजारीं खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून तेथें वीज उत्पन्न करीत आणि ती मुंबईस धाडीत. ती धाडतांना तिचा दाब लाखाच्या घरांत व्होल्ट इतका चढविलेला असे. दाब जितका अधिक, तितका त्याच कामास प्रवाह कमी लागतो. आणि प्रवाह कमी असला म्हणजे तारेच्या रोधामुळें वाटेंत होणारी गळतीही थोडी होते. मोटारींत नेमका उलटा प्रकार आहे. तेथें दाब अवघा १२ व्होल्ट, त्यामुळें प्रवाह मोठा.

थोडें गणित करून पाहूं. पुढचे दोन दिवे प्रत्येकीं ६० वॉटांचे, म्हणजे मिळून १२० वॉट. घरांतील २३० व्होल्टांवर इतक्या दिव्यांस सुमारें अर्धा अँपिअर प्रवाह पुरतो. मोटारींत १० अँपिअर लागतो. आतां वाटेंत एखादा सांधा गंजून एकपंचमांश ओहम रोध उत्पन्न झाला असें समजा. घरांत त्यामुळें एकदशांश व्होल्ट जाईल व तें कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं. मोटारींत मात्र त्याच क्षुल्लक गंजापायीं जवळ जवळ दोन व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. बारांतून दोन गेले तर उजेड थोडासाच कमी होईल असें विद्यार्थी म्हणतील; पण दिव्याची तार तितक्यानें बरीच थंड होते, आणि प्रकाश सुमारें निम्म्यावर येतो! शिवाय ते दोन व्होल्ट नाहींसे होत नाहींत. ते त्या सांध्यांत उष्णता होऊन बसतात. स्विच तापणें, तारेचें आवरण वितळणें, जळका वास येणें, हीं सर्व त्याचींच लक्षणें होत. अधिक वॉटांचा दिवा लाविला म्हणजे प्रवाह वाढतो, आणि प्रवाहाबरोबर ही गळती व ही उष्णताही वाढते.

आपल्या प्रदेशांत हा गंज चढण्यास निमित्तच नको. प्रबळगड, इर्शाळगड व माथेरान यांच्या पायथ्याशीं चार महिने हवा ओली असते. तांब्यावर हिरवी व पितळेवर काळी पुटी धरते. भाताच्या कणगीजवळ गाडी उभी असली तर उंदीर तारांचें आवरण कुरतडतात ते वेगळेच.

दोष हुडकण्यास कारखान्याची गरज नाहीं. बाजारांत स्वस्तांत मिळणारा व्होल्ट मोजण्याचा मीटर पुरतो, आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यानें वडिलांच्या देखत हें काम अवश्य करावें. प्रथम, गाडी रात्रभर उभी असतांना बॅटरीच्या दोन टोंकांवर मीटर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टांच्या आसपास दाखविते, १२.२ च्या खालीं असेल तर ती अर्धी रिकामी समजावी. मग इंजिन सुरू करून किंचित वेग द्यावा. आंकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढला तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर आपलें काम करीत आहे, व त्यावर पैसे घालण्याचें कारण नाहीं.

आतां खरी परीक्षा. दिवे लावावेत. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन टर्मिनलवर व दुसरें दिव्याच्या मागील, वीज येणाऱ्या टोंकावर टेकावें. मीटर जो आंकडा दाखवील तीच वाटेंत झालेली गळती. अर्ध्या व्होल्टापर्यंत ती क्षम्य मानावी. त्याहून अधिक असेल तर मीटरचें दुसरें टोंक दिव्याकडून मागें मागें, फ्यूजवर, मग स्विचवर, असें आणीत जावें. ज्या ठिकाणीं आंकडा एकदम उतरतो, त्याच्या नुकत्याच सोडलेल्या बाजूस चोर दडलेला असतो.

इतकें करून कित्येक लोक थांबतात आणि तेथेंच फसतात. कारण वीज जशी जाते तशी तिला परत यावें लागतें, आणि मोटारींत ती परत येते गाडीच्या पत्र्यांतून. यालाच कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरें दिव्याच्या धातूच्या कडीवर लावून ही परतीची वाटही मोजावी. जुन्या गाड्यांत अर्धेअधिक दोष आम्हांस येथेंच आढळतात. एक दिवा लाविला असतां दुसराच लुकलुकणें, ब्रेक दाबतांच बाजूचा दिवा मंदावणें, हे चमत्कार अर्थ तुटल्याचेच असतात. उपाय साधा आहे. स्क्रू काढावा, रंग व गंज पॉलिश पेपरनें घासून पत्रा चकचकीत करावा, नवें थिंबल बसवून स्क्रू घट्ट आवळावा व वरून थोडें ग्रीस लावावें. इंजिन रबराच्या पायांवर बसविलेलें असल्यामुळें इंजिन व सांगाडा यांस जोडणारी जाड पट्टीही तपासावी. ती तुटली तर सेल्फ कण्हतो आणि दोष बिचाऱ्या सेल्फवर येतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर जमणारी पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावी. अशा वेळीं अर्थची तार आधीं सोडावी व शेवटीं जोडावी, हातांतील अंगठी काढून ठेवावी, आणि बॅटरीजवळ विस्तव नेऊं नये. तिच्यांतून निघणारा हायड्रोजन वायु भडकतो.

फ्यूजविषयीं येथें स्पष्ट बोलणें भाग आहे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो. तो जळाला असतां सिगारेटची चांदी गुंडाळून काम भागविण्याची जी चाल आहे ती आम्हांस अत्यंत निंद्य वाटते. पुढच्या वेळीं वितळण्यास फ्यूज उरत नाहीं, मग तारच वितळते. टाटांच्या नॅनो गाड्यांस आगी लागल्याच्या घटना झाल्यावर कंपनीनें २०१० सालीं त्या गाड्यांच्या विजेच्या व धुराड्याच्या व्यवस्थेंत अधिक संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचें जाहीर केलें. ती गाडी तर नवी होती! जुन्या गाडीच्या धन्यानें किती दक्ष राहिलें पाहिजे हें यावरून ताडावें.

सुधारणा करावयाची असल्यास पहिला मान रिलेस द्यावा. जुन्या पद्धतींत दिव्यांचा सारा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या नाजूक स्विचमधून फेरा घालून पुढें येतो. रिले ही एक लहान पेटी आहे. तिच्यांतील विद्युच्चुंबकास अँपिअरचा पांचवा हिस्सा मिळाला कीं ती मोठ्या प्रवाहाची वाट उघडते. कर्जत स्टेशनांत सिग्नल देणारा मनुष्य आगगाडी ढकलीत नाहीं, तो वाट मोकळी करून देतो. स्विचनेंही तेवढेंच करावें. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज, मग रिले, मग दिवा, आणि दिव्यापासून तितक्याच जाडीची अर्थची तार, अशी रचना केली असतां मूळचेच दिवे पुनः तेजस्वी होतात. सांधे पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळूं नये. योग्य मापाचें थिंबल पकडीनें दाबून बसवावें. डाख दिलेली तार गाडीच्या हादऱ्यानें डाखाच्या कडेस मोडण्याचा संभव असतो.

डायनॅमो काढून अल्टरनेटर घालणें ही दुसरी सुधारणा. गाडी संथ चालत असतां डायनॅमो फारसा प्रवाह देत नाहीं, अल्टरनेटर देतो. मात्र जुनी कट-आउटची पेटी मार्गांतून काढावी लागते व बॅटरीकडे जाणारी मुख्य तार जाड घ्यावी लागते. मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. तेथें हें न पाहतां अल्टरनेटर जोडल्यास तो तत्काळ जळतो. बाजारांतील झगझगीत एल्-ई-डी दिवे जुन्या कांचेंत बसविले तर उजेड भलतीकडेच पसरतो व घाटांत समोरच्याचे डोळे दिपतात. ते घेऊं नयेत.

काम चालू असतां मुलांनीं एका कागदावर प्रत्येक तारेचा रंग, ती कोठून निघून कोठें जाते व तिच्या फ्यूजचा आंकडा लिहून नकाशा काढावा. तो मेणकापडांत गुंडाळून कागदपत्रांच्या खणांत ठेवावा. पुढील पावसाळ्यांत ज्या कारागिराच्या हातीं गाडी जाईल त्याचा अर्धा दिवस व धन्याचे तितके पैसे त्यामुळें वांचतील.