आजींच्या तळपायाची आग

एरंडोलच्या एका आजींचा कर्करोगावरील उपचार पुरा झाला आहे, अशी कल्पना करा. गाठ गेली, पण तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. डॉक्टरांनी ड्युलोक्सेटीन नावाची गोळी दिली. नातवाने चौकशी केली तेव्हा समजले, की ही गोळी नैराश्याच्या आजारावरही देतात. "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का रे बाबा?" आजींनी विचारले. काय उत्तर द्याल?

कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. विभाजनासाठी पेशीत अतिसूक्ष्म नळ्या लागतात. पॅक्लिटॅक्सेल हे औषध त्या नळ्यांना जखडून टाकते आणि विभाजन थांबते. पण तशाच नळ्या मज्जातंतूंतही असतात. त्यांच्या आधाराने आवश्यक द्रव्यांची ने-आण चालते. पायाच्या बोटांत पोचणारा तंतू सुमारे एक मीटर लांब, आणि त्याला पोसणारा पेशीचा मुख्य भाग मात्र कण्याजवळ! गिरणेच्या कालव्याचे पाणी कमी पडले, की टोकाचे शेत आधी सुकते; तसेच येथेही घडते. म्हणून त्रास प्रथम हातापायांच्या बोटांत जाणवतो. इजा झालेला तंतू विनाकारण वेदनेचे संदेश धाडू लागतो.

वर येणाऱ्या या संदेशांना आवर घालण्याची सोय मेंदूपाशी असते. त्यासाठी मज्जारज्जूत सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन ही द्रव्ये सोडली जातात. पण ती लवकरच परत शोषली जातात. ड्युलोक्सेटीन हे शोषण रोखते. त्यामुळे द्रव्ये अधिक वेळ टिकतात व वेदनेला आवर बसतो. याच द्रव्यांचा मनःस्थितीशीही संबंध आहे. म्हणून एकच गोळी दोन्हींकडे उपयोगी पडते.

याची परीक्षा झाली आहे काय? होय. अमेरिकेत २३१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पहिले पाच आठवडे एका गटाला ड्युलोक्सेटीन, तर दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. वेदना कमी झाल्याचे पहिल्या गटात शेकडा ५९ जणांनी, तर दुसऱ्यात ३८ जणांनी सांगितले.

म्हणजे गुण येतो, पण सर्वांना नाही. शिवाय ही गोळी वेदना कमी करते, तंतू दुरुस्त करीत नाही. ती एकाएकी बंद केल्यास चक्कर, मळमळ होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारूनच थांबवावी. आणि केमोथेरपी चालू असतानाच बोटे बधिर वाटू लागली, तर ते तेव्हाच सांगावे. औषधाची मात्रा बदलता येते.

तेव्हा आजींना सांगा : "आजी, तुमचं दुखणं खरंच आहे. इजा पायाच्या तंतूंना झाली आहे. गोळी फक्त वरच्या वाटेवर पहारा देते."