छाटकलमाची हत्यारे : एक मागोवा

मृगाच्या सरी पडल्या की शेजारच्या अंगणातील जास्वंदीची फांदी मागून आणावयाची आणि आपल्या परसात खोचावयाची, हा शिरस्ता महाराष्ट्रातील घराघरांत इतका जुना आहे की, त्यासाठी वेगळे हत्यार असावे हा विचार दीर्घकाळ कोणाच्या मनाला शिवलाच नाही. कोयता हाताशी असेल तर कोयता, नसल्यास विळा, तोही नसल्यास हातानेच केलेली मोडतोड, एवढ्यावर कण्हेर, मेंदी, चाफा आणि शेवगा यांनी निमूटपणे निभावून नेले; आणि त्यांच्या या औदार्यामुळेच फांदी कशाने तोडली याला फारसे महत्त्व नाही, अशी समजूत दृढ झाली. ती समजूत मोडली गुलाबाने. ठेचलेल्या बुडाची गुलाबकाडी काही दिवस हिरवी राहते आणि मग खालून वर काळी पडत जाते. कारण चिरडलेल्या भागात बुरशीला आयते घर मिळते, आणि सालीखालच्या ज्या पातळ, वर्धनशील थराने जखम भरून काढावयाची, तोच थर फाटलेला असतो.

जाणकारांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पुण्याजवळ दापोडीस १८२८ साली सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले, १८७३ साली गणेशखिंडीचे उद्यान उभे राहिले, आणि कोकणात हापूसच्या कलमांचा व्यवसाय त्याआधीपासूनच चालत आला होता. कलम-चाकूचे कसब या परंपरेत माळ्यांच्या हाती मुरले. परंतु ते तेथेच राहिले, आणि घरच्या कुंडीपर्यंत त्याचा झिरपा फार उशिरा पोहोचला.

तो पोहोचला तो बव्हंशी सिकेटरच्या रूपाने. या औजाराचे जनकत्व सोळाव्या लुईचे एके काळचे नौकामंत्री बेर्त्राँ द मोलव्हिल यांच्याकडे जाते. क्रांतीच्या वावटळीत देशोधडीला लागलेला हा गृहस्थ राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर फ्रान्सला परतला आणि १८१५ च्या सुमारास त्याने ही स्प्रिंगची कात्री पुढे आणली. आपल्याकडे मात्र तिचे नाव सर्वतोमुखी केले ते द्राक्षबागांनी. नाशिक-सांगलीकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांचा मोसम आला की गावोगावच्या कृषिसेवा केंद्रांत सिकेटरांचे ढीग लागू लागले, आणि तेथूनच हा जिन्नस शहरातल्या गच्चीवर चढला.

येथे निवडीचा खरा प्रश्न उभा राहतो, कारण सिकेटर म्हणून जे विकले जाते त्यात दोन भिन्न जाती आहेत. एका जातीत धारेचे पाते अडकित्त्याप्रमाणे खालच्या बोथट पट्टीवर येऊन आदळते. वाळकी फांदी तोडावयास ते उत्तम, पण कलमासाठी घ्यावयाच्या रसरशीत काडीचे त्यात पोहेच होतात. दुसऱ्या जातीत वक्र पाते खालच्या आकड्याला घासून पलीकडे जाते व कापणी निर्मळ होते. काड्यांसाठी घ्यावी ती हीच. तथापि हिच्यातही आकड्याच्या बाजूची साल थोडी दबतेच. म्हणून छाटणी करणारा माळी पाते झाडाकडे आणि आकडा टाकाऊ फांदीकडे ठेवतो. कलम घेणाऱ्याने नेमके उलट करावयाचे, कारण त्याला जगवावयाची असते ती तुटून हाती येणारी काडी! हत्यार हातातल्या हातात एवढे उलटे धरल्याने जे साधते, ते दुप्पट किंमत मोजूनही साधत नाही, असे माझे निश्चित मत आहे. झाडावर राहिलेला दबका खुंट मागाहून सुलट्या हाताने छाटून घ्यावा.

शेवंतीचे शेंडे, कोलियस, बेगोनिया अशा कोवळ्या देठांना मात्र सिकेटर लावूच नये. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी देठाचे कागदासारखे पातळ छेद दाढीच्या पात्याने घेत आले आहेत, आणि तेच पाते या कामी सर्वोत्कृष्ट आहे. अर्धे मोडून घेतलेले पाते पेऱ्याच्या किंचित खाली टेकवून एकाच ओढीत देठ कापला म्हणजे छेद काचेसारखा नितळ दिसतो. दाबून, करवतीसारखे मागेपुढे करून कापल्यास त्याच पात्याने देठाच्या कडेला पांढुरके तंतू लोंबू लागतात. पात्यावरचे तेल आधी स्पिरिटने पुसून काढावे.

पोलादाच्या बाबतीत काळाने दिले तसे नेलेही. जुने कार्बनी पोलाद गंजे, पण त्याला धार सहज चढे आणि ती टिके. न गंजणाऱ्या पोलादाचा स्वस्त माल आला तसा धारेचा शिरस्ताच सुटला, आणि चाक घेऊन आळीत फिरणारा धारवालाही दुर्मिळ झाला. तो भेटला तरी सिकेटर त्याच्या हवाली करताना एक गोष्ट बजावून सांगणे अगत्याचे आहे : पात्याची उतरती बाजू तेवढी घासावयाची, सपाट बाजूस फक्त राहिलेली कोर काढण्यापुरती सहाण लावावयाची. दोन्ही बाजू सारख्या घासल्या की पाते व आकडा यांत फट पडते आणि काडी कापली न जाता त्या फटीत दुमडते.

एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसण्याची सवय घरोघरी अलीकडे रुजू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ब्लीचचे पाणीही चालते, पण ते पोलाद खाते. वापरल्यास पाते लगोलग धुऊन, कोरडे करून तेलाचा हात द्यावा.

आणखी एका बदलाची नोंद केली पाहिजे. घरच्या कुंड्यांची निगा आपल्याकडे बहुतांशी स्त्रियाच राखतात, पण औजारे कित्येक वर्षे माळ्याच्या रुंद पंजाच्या मापानेच घडत राहिली. आता आखूड मुठीची, हलक्या स्प्रिंगची, डावखुऱ्यांसाठी उलटी बांधलेलीही सिकेटरे मिळू लागली आहेत. दुकानात ती हातात धरून दहा-वीस वेळा मिटून-उघडून पाहावी, स्क्रू उघडून पाते सुटे होते की नाही हे तपासावे, आणि सुटे पाते व स्प्रिंग त्याच दुकानात मिळेल काय, एवढे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.