भिंतीच्या अल्याड-पल्याड तारांगणं

कृत्रिम आकाश दाखवणारा प्रक्षेपक १९२३ मध्ये येनाच्या झाइस कारखान्यात साकारला आणि तीनच वर्षांत बर्लिनला तारांगण मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झालं. पुढे शहर दुभंगलं, तशी झाइसही: पूर्वेला येना, पश्चिमेला ओबरकोखेन.

पश्चिम बर्लिनने १९६५ मध्ये नवं तारांगण बांधलं, इन्सुलानर टेकडीच्या पायथ्याशी. ही टेकडीच मुळी बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांच्या राडारोड्याची; तिच्या माथ्यावर वेधशाळा आहे. ढिगाऱ्यावर दुर्बीण बसवणाऱ्या त्या पिढीबद्दल मला फार आदर वाटतो.

पूर्वेने १९८७ मध्ये, शहराच्या ७५०व्या वर्षी, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर २३ मीटर व्यासाच्या घुमटाचं तारांगण उभारलं. यात राजकीय चढाओढ होतीच. पण प्रक्षेपक कुठल्याही बाजूचा असो, तारे त्याच स्थानांवर दाखवावे लागतात. तिथे राजवटीचं काही चालत नाही.

२०१६ पासून दोन्ही तारांगणं एकाच संस्थेकडे आहेत. ट्रेप्टोची आर्खेनहोल्ड वेधशाळाही तिच्यातच आली. तिथेच १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सापेक्षतेवर जाहीर व्याख्यान दिलं होतं आणि २१ मीटर लांबीची तिथली प्रचंड दुर्बीण आजही पाहता येते.