पुलांची गोष्ट : लेखांक ६ – एहेगावच्या दरीवरचे लोखंडी त्रिकोण

आपल्या वणीला रेल्वे नाही. तरी मुंबईहून सप्तशृंगीला येणारा जो भाविक नाशिक रोडपर्यंत गाडीने येतो, तो कसाऱ्याचा घाट चढूनच येतो. या घाटात एहेगावचा पूल आहे. लांबी सुमारे 750 फूट, उंची 182 फूट. डब्यात बसलेल्याला तो कळतही नाही, कारण पूल पायाखाली असतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1 जानेवारी 1865 रोजी हा घाट खुला केला. चढ 37 फुटांना एक फूट. ज्यांच्या देखरेखीखाली घाटाची आखणी झाली, ते मुख्य अभियंता जेम्स बर्कली 1862 मध्येच वारले होते.

सह्याद्रीत दगडाला तोटा नव्हता. मग लोखंड विलायतेहून का आणायचे? दगडी कमान शेवटचा दगड बसेपर्यंत स्वतःला पेलत नाही. तोवर खालून लाकडी साचा उभा ठेवावा लागतो. एवढ्या खोल दरीत, त्यातही घाटातल्या पावसात, तो टिकवायचा कसा? म्हणून उंच खांब दगडाचे आणि वर लोखंडी त्रिकोणी गर्डर, अशी वाटणी झाली. बोरघाटात मात्र आठ कमानींचा दगडी पूल बांधला आणि 19 जुलै 1867 रोजी तो कोसळला. यावरून दगड वाईट ठरवायचे कारण नाही. तसले कितीतरी पूल अजून उभे आहेत.

त्रिकोणच का? चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यावर ढकलली की कलते. त्रिकोणाचा आकार मात्र एखादी बाजू लांबल्या-आखडल्याशिवाय बदलत नाही. गाडी वर आली की गर्डरचा वरचा पट्टा दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि तिरके दांडे तो भार खांबांकडे नेतात. ओतीव लोखंड दाब सोसते, ताण नाही. 1847 मध्ये इंग्लंडातल्या डी नदीवरचा पूल मोडला तो यामुळेच. पुढे घडीव लोखंड आले, लालभडक तापवलेल्या रिपिटांनी जोडलेले.

उन्हाने शंभर फुटी गर्डर चाळीस अंशांच्या फरकात दीड सेंटीमीटर वाढतो. त्यासाठी त्याचे एक टोक पक्के आणि दुसरे सरकते ठेवतात. गाडीचा रेटा मात्र पक्क्या टोकातून खांबाला सोसावा लागतो आणि घाटात या रेट्याची एक गंमत आहे. चढणारे इंजिन रुळाला मागे, म्हणजे उताराकडे रेटते. उतरणारी गाडी ब्रेक लावते, तेव्हा तीही रुळाला उताराकडेच रेटते. म्हणजे गाडी वर इगतपुरीला जावो की खाली कसाऱ्याला, पुलाला धक्का कसाऱ्याच्याच दिशेने! शिवाय चढताना मागून जोडलेली बँकर इंजिने असतात, त्यांचा रेटाही त्याच बाजूला. खांबांना नुसते वजन तोलून भागत नाही, ते असे.

पुढील आठवड्यात : वसईच्या खाडीतला पूल आणि गाळात पिळून रोवलेले खांब.