प्रमाण उचलणारा गळा

निरूपणाच्या भरात कीर्तनकार अभंगाचा अर्धाच चरण म्हणतात आणि थांबतात. मागे उभा असलेला गायक लगेच पुढचे शब्द उचलतो, चाल लावतो, मृदंगावर थाप पडते आणि दोन्ही बाजूंचे टाळकरी ध्रुपद धरतात. हे इतक्या झटपट घडते की समोर बसलेल्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात टाळकऱ्यांच्या मागे बसून मी हे काम जवळून पाहिले. पत्रिकेवर या गायकाला गायनाचार्य म्हणतात, गावात सगळे बुवा म्हणतात.

हा मुलूखच संतांच्या शब्दांवर वाढलेला. एका अंगाला नेवासे, जिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गोदावरीपल्याड पैठण, जिथे एकनाथांनी १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात वारकऱ्यांचा भगवानगड. कपाशी-उसाच्या या गावांत सप्ताह चुकत नाही. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, पुढे जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारेकरी ती एकमेकांच्या गळ्यात देत राहतात. या साऱ्या दिवसभराच्या गाण्याला सूर लावून देणे आणि तो टिकवणे ही बुवांची जबाबदारी.

कीर्तनाआधी बुवांनी पेटीवर काळी चार धरली. मृदंगाचार्यांनी डाव्या तोंडाला कणीक लावली, थाप ऐकली, थोडी काढली. मग हातोडीने गट्टे ठोकत उजवे तोंड सुराला आणले. तोवर बुवा टाळकरी उभे करत होते. लयीला पक्की माणसे मृदंगाजवळ, नवखी पोरे त्यांच्या मधोमध. नवख्याला कडेला टाकले की तो लय सोडतो आणि सगळी ओळ ओढतो, म्हणून दोन्ही बाजूंना जाणता टाळ हवा.

भजन सुरू झाले तेव्हा बुवांनी ध्रुपद एकदाच मोकळ्या गळ्याने म्हटले. टाळकऱ्यांनी ते उचलल्यावर त्यांनी स्वतःचा आवाज कमी केला आणि कान ओळीकडे लावला. डावीकडची पोरे सुराच्या वर जाऊ लागली, तशी त्यांनी त्यांच्याकडे मान वळवून तोच चरण खालच्या पट्टीत, ठामपणे म्हटला. पुढच्या आवर्तनात पोरे सुरावर आली. लय वाढवायची तेव्हा हातातला टाळ छातीपाशी आला आणि मृदंगाचार्यांशी नजरानजर झाली. दुगण लागली, पावली सुरू झाली. चरण संपताना टाळ क्षणभर वर थांबला आणि सगळे एकदम समेवर आले.

खरी कसोटी प्रमाणाची, म्हणजे कीर्तनकार दाखल्याला घेतात त्या अभंगांची. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग, शिवाय ज्ञानोबा, नामदेव, नाथ, जनाबाई. कीर्तनकार कुठून कुठे जातील याचा नेम नाही आणि वही उघडायला सवड नसते. शब्द आठवणे हे अर्धेच काम. चालू असलेल्या लयीत बसेल, भाव बिघडवणार नाही आणि टाळकऱ्यांना पेलेल अशी चाल त्याच क्षणी निवडावी लागते. त्या रात्री वैराग्याच्या अभंगावरून कीर्तनकार एकदम जनाबाईंवर आले. बुवांनी लय उतरवली आणि भीमपलासाच्या अंगाची साधी चाल घेतली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया न सांगता गाऊ लागल्या.

ही तयारी वर्षानुवर्षांची. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथून आणि तिच्या वळणावर चालणाऱ्या अनेक संस्थांतून खेड्यापाड्यांतली मुले चार वर्षे पाठांतर, भजन, मृदंग शिकून बाहेर पडतात. मग आधी टाळकरी म्हणून उभे राहायचे, पुढे काकड्याची जबाबदारी, मग केव्हातरी कीर्तनाची साथ. वर्षभर सप्ताह, वाऱ्या, पुण्यतिथ्या. गळा थकला की गावातल्या देवळात पोरांना शिकवायचे. कीर्तनकारांच्या मानधनाची चर्चा गावभर होते. गायकाच्या पाकिटाचा विषय शेवटी निघतो, तोही घाईत.

चालींची ही विद्या तोंडीच चालत आली आहे. युरोपात जुने संगीत गाणाऱ्यांच्या हाती मात्र शेकडो वर्षांपूर्वीची स्वरलिपी असते. ते हस्तलिखिते वाचतात, जुनी वाद्ये घडवून घेतात आणि बंद पडलेले गाणे पुन्हा उभे करतात. आपल्याकडे शब्द पोथीत राहिले, चाल मात्र गळ्यातून गळ्यात आली. त्यामुळे आजची चाल तुकोबांच्या वेळची तशीच आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हे गाणे बंद पडलेले नाही, त्याला पुन्हा उभे करावे लागत नाही. हे सामान्य भाग्य नव्हे.

ते गाणे टिकेल का, हे मात्र गायक कसा गातो यावर आहे. ध्वनिक्षेपकाचा प्रतिध्वनी वाढवून, सिनेमाच्या चालीवर अभंग बसवून एकट्याने वाहवा मिळवता येते. टाळकरी मग नुसते उभे राहतात आणि गाव ऐकणारे बनते. वारकरी गायकाची मोठेपणाची खूण माझ्या लेखी एकच आहे. त्याने सूर सोडल्यावर मंडपातले किती जण तो धरतात?

म्हणून सप्ताह कमिट्यांना विनंती आहे. गायकाचे आणि मृदंगाचार्यांचे मानधन कीर्तनकारांबरोबरच आधी ठरवा. आणि गावातल्या जुन्या भजनी मंडळींना काकड्याच्या, गौळणींच्या, हरिपाठाच्या जुन्या चाली म्हणायला लावा, मोबाईलवर नीट ध्वनिमुद्रित करा, कोणत्या अभंगाची कोणती चाल ते वहीत लिहा. पुढच्या सप्ताहात त्यातली एक तरी चाल शाळेच्या पोरांना शिकवा. एवढे काम करायला कोणत्याही गावाला सरकारी अनुदान लागत नाही.