डोस तोच, रक्तात मात्र वेगळा

डिसेंबर 2025 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान अँटिबायोटिकवर बोलले आणि सगळीकडे एकच सूर लागला: कमी घ्या, जपून घ्या. सर्दी-पडशाला ते ठीकच. आयसीयूत मात्र दुखणं अनेकदा उलटं असतं. तिथे औषध कमी पडतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

धानाच्या बांधीतून तापाने फणफणत आलेला पंचविशीतला गडी घ्या. संसर्ग रक्तात भिनला की रक्तवाहिन्या पाझरतात, सलाईनवर सलाईन चढतं, अंग सुजतं. औषध तेवढंच, पाणी वाढलेलं. त्यात तरुण किडन्या अशा वेळी कधीकधी नेहमीपेक्षा जोरात चालतात. डोस लघवीच्या पिशवीत वाहून जातो आणि किडनीचं काम पाहणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. शेजारच्या खाटेवर सत्तरीच्या आजी. त्यांच्या थकलेल्या किडन्यांमुळे तोच डोस अंगात साचतो. अँटिबायोटिक अ‍ॅमिकासिन असेल तर कानांवरही बेततं.

गोंदिया जिल्ह्यात यात सिकलसेलची भर. या आजारात तरुणपणी किडन्या गरजेपेक्षा जास्त गाळतात, पुढे दमतात. मुंबईत केईएम रुग्णालयाचा क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभाग फिट्सच्या औषधांची रक्तातली पातळी कित्येक वर्षं मोजतो आहे. माझं म्हणणं, अँटिबायोटिकसाठी अशी सोय आधी या सिकलसेलच्या पट्ट्यात हवी. गोंदियात 2016 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहेच.

मोजायचं म्हटलं की सगळे यंत्राची किंमत विचारतात. नडतं ते घड्याळ. अ‍ॅमिकासिन दहाला सुरू झालं, साडेदहाला संपलं, तर रक्त अकराला घ्यायचं, तेही सलाईन नसलेल्या हातातून. नळीवर नुसतं ‘सकाळी’ लिहिलेलं असेल तर आकडा बिनकामाचा. मेरोपेनेम या अँटिबायोटिकची तऱ्हा आणखी वेगळी: नळीतही त्याचं विघटन होत राहतं, त्यामुळे नमुना नागपूरला पाठवायचा तर बर्फात.

पातळी मोजण्याबद्दल उत्साही असलेली मंडळी एक गोष्ट सांगत नाहीत. जर्मनीत 249 रुग्णांवर झालेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पातळी मोजून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या अँटिबायोटिकचा डोस ठरवला. रक्तातला हवा तो आकडा अधिक जणांत साधला. अवयव निकामी होण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही.

यंत्र येईल तेव्हा येईल, लघवीची पिशवी तर खाटेलाच लटकलेली आहे. आठ तासांची लघवी मापा, तिच्यातलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन काढा. किडनी खरंच किती गाळते ते साध्या लॅबलाही कळतं. आकडा मिनिटाला 130 मिलिलिटरच्या वर गेला, तर त्या गड्याचा डोस त्याच दिवशी पुन्हा तपासायचा.