काजळाचं गोंदण हिरवं का दिसतं

कंधारच्या किल्ल्यातलं एखादं जुनं शिल्प मोबाइलने चहूबाजूंनी टिपलं आणि ते फोटो योग्य सॉफ्टवेअरला दिले, की त्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी राहते. छिन्नीचे घाव, शेवाळाचे डाग, सगळं जिथल्या तिथं. हाच प्रयोग घरातल्या माणसावर केला तर चेहरा ओळखू येतो, पण माणूस मातीचा वाटतो. ॲनिमेशन किंवा गेम शिकणारी आपल्याकडची बरीच मुलं इथं येऊन अडतात. मग त्यांना सल्ले मिळतात: आणखी स्पष्ट फोटो घे, महागडं सॉफ्टवेअर घे, कातडीवर छिद्रं वाढव. दोष बहुतेक वेळा यातल्या कशातच नसतो.

साध्या दगडावर पडलेला उजेड बहुतांशी वरूनच परततो. कातडीचं तसं नाही. समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम तीन टक्के भाग वरच्या वर परततो, तीच चकाकी. उरलेला आत शिरतो, ठेचकाळत भरकटतो, काही शोषला जातो, आणि जो वाचतो तो शिरला त्याहून थोड्या वेगळ्या जागी बाहेर पडतो. यालाच सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात. सगळे रंग सारखे भरकटत नाहीत. निळा प्रकाश लवकर थांबतो, लाल काही मिलिमीटर दूरवर पसरतो. रात्री मोबाइलचा टॉर्च बोटांना चिकटवून लावा; बोटं लालभडक उजळतात ती यामुळेच, आणि आतलं रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतं म्हणून. नाकाच्या सावलीची कड माणसाच्या चेहऱ्यावर सुरीने कापल्यासारखी नसते, तिला तांबूस झाक असते, त्यामागेही हेच आहे.

संगणकाला हे जमण्याच्या कितीतरी आधी ते एका मराठी चित्रकाराने कागदावर उतरवलं होतं. हातात समई धरून दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री, आणि ज्योतीच्या उजेडाने लाल झालेली तिची बोटं: हे ‘ग्लो ऑफ होप’ चित्र अनेक घरांत राजा रविवर्म्याचं म्हणून लावलेलं असतं. तो मोठाच गैरसमज आहे. चित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, जलरंगातलं, 1940च्या दशकातलं. समोर उभी होती त्यांचीच मुलगी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. डिजिटल त्वचा शिकणाऱ्याने त्या बोटांकडे खूप वेळ बघावं, असं मला मनापासून वाटतं. उजेड कुठे लाल होतो, कुठे विझतो आणि हाडापाशी कसा अडतो, ते सगळं तिथं आहे.

संगणकाला ही गोष्ट नीट जमली 2001 साली. हेन्रिक वान येन्सन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन या संशोधकांनी संगमरवर, दूध आणि त्वचा यांच्या आत फिरणाऱ्या उजेडाचं व्यवहारात वापरता येईल असं गणित मांडलं. दुसऱ्याच वर्षी ‘द टू टॉवर्स’ चित्रपटातला, संगणकावर घडवलेला गॉलम पडद्यावर आला आणि त्याची कातडी जिवंत वाटली, ती याच विचाराच्या जोरावर.

आता फोटोचा प्रश्न. ‘चेहऱ्याचा चांगला फोटो चिकटवला की झाली त्वचा,’ हा समज सगळ्यात पक्का. पण फोटोत कातडीच्या रंगासोबत त्या वेळचं ऊनही छापलं जातं. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत डोळ्यांखाली सावली असते, कपाळावर चकाकी. संगणकातला दिवा तुम्ही डावीकडून लावलात तरी ती दुपार चेहऱ्यावरून हटत नाही. म्हणून मोठ्या स्टुडिओत दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांशी काटकोनात पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणाऱ्या काचा, बसवतात. चकाकी गळून पडते आणि नुसता रंग उरतो. तेवढी सोय नसेल तर ढगाळ दिवस किंवा सावलीतला ओटा पुष्कळ उपयोगी पडतो. चकाकी मग शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग उजेडात कसा दिसेल ते ठरवणाऱ्या भागात, वेगळी द्यायची.

स्कॅटरिंगचं बटन सापडलं की ते पूर्ण फिरवायचा मोह होतो. जास्त टाकलं म्हणजे जास्त खरं, असं नाही. माणूस मेणाचा होतो. कित्येकदा तर चूक मापात असते. लाल उजेड काही मिलिमीटर पसरणार हे गणित माणूस माणसाएवढा असेल तरच बरोबर येतं. आकृती संगणकात चुकून बोटाएवढी बनवलेली असेल, तर तोच उजेड डोक्याच्या आरपार जातो. रंगाला हात लावण्याआधी उंची तपासा.

आणि गोंदण. आपल्या भागातल्या वयस्क बायकांच्या हातांवर, कपाळावर ते आजही दिसतं. तांड्यांवरच्या बंजारा आजींच्या अंगावर तर विशेष. गोंदणात पारंपरिकपणे काजळी असते, म्हणजे काळा कार्बन. तरी ते निळसर-हिरवं दिसतं. शाईच निकृष्ट होती किंवा रंग विटला, असं लोक सांगतात. खरं कारण वेगळं आहे. काजळी वरच्या पातळ थरात नसते, ती त्याखालच्या आंतरत्वचेत जाऊन बसते. लाल प्रकाश तिथवर पोहोचतो आणि काजळीत गडप होतो. निळा मात्र वरच्या ऊतींमधूनच परत फिरतो. त्यात वरच्या थराचा पिवळसर-तपकिरी रंग मिसळतो. शिरा निळ्या दिसण्यामागेही असाच खेळ आहे.

डिजिटल आजीच्या हातावर गोंदण काढताना म्हणूनच दोन चुका होतात. ते काळंकुळकुळीत आणि रेखीव काढलं जातं, आणि त्याची चकाकी भोवतीच्या कातडीहून वेगळी ठेवली जाते. मग ते स्टिकरसारखं वर तरंगतं. नेहमीच्या शेडरमध्ये सगळे थर एकाच रंगात मिटवलेले असतात, तेव्हा रंग निळसर-हिरवाच द्यावा, कडा किंचित पसरू द्याव्यात, आणि चकाकीला अजिबात धक्का लावू नये. शाई आत आहे. वरचा घाम तिच्यावरूनही तसाच चमकणार. भंडाऱ्याचं नेमकं उलट. कंधारशेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या यात्रेत खंडोबाचा भंडारा कपाळाला फासलेली माणसं बघा. भंडारा कातडीच्या वर बसतो, तिची चकाकी झाकतो, आणि घामाने जिथं ओला झाला तिथंच गडद होऊन पुन्हा चमकतो. त्याला स्वतःचा थर हवा, स्वतःचा कोरडेपणा हवा.

सगळ्यात नुकसान करणारा समज मात्र हा: सावळी त्वचा म्हणजे गोऱ्या त्वचेचा फोटो थोडा काळा करणं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या-सावळ्यांत साधारण सारखीच असते. फरक मेलॅनिनच्या प्रमाणात आणि ते कसं साठतं-पसरतं यात असतो. ते मुख्यतः वरच्या, साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीच्या थरात असतं आणि लालपेक्षा निळा प्रकाश जास्त शोषतं. म्हणून सावळेपणाबरोबर रंग उबदार होत जातो. नुसता काळा मिसळला की राखाडी होतो. तळहात, नखांखालची जागा, ओठांची आतली कड फिकटच राहतात. सावळ्या माणसाच्या मागून ऊन आलं की त्याच्याही कानाची पाळी लालसर होते.

चकाकी तर सगळेच विसरतात. वरून परतणारे ते तीन टक्के सर्व वर्णांत जवळपास तेवढेच असतात. गोऱ्या गालावर आतून भरपूर उजेड परततो, त्यात ते हरवतात. सावळ्या गालावर तेच गालाचं हाड, नाकाची दांडी, कपाळाचा उंचवटा रेखतात. ‘फार चमकतंय’ म्हणून ती चकाकी कमी केली की चेहऱ्याचा घाटच निघून जातो. पिक्सारमध्ये काम केलेले, येल विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी 2020मध्ये जाहीरपणे लिहिलं, की डिजिटल माणसांचं तंत्र गोऱ्या त्वचेच्या पारदर्शक झाकेलाच माणसाचं सार समजत आलं आणि काळ्या त्वचेवरच्या चकाकीकडे तेवढं लक्ष दिलं गेलं नाही. मला ते पटतं. फोटोच्या फिल्मच्या जमान्यातही रंग जुळवायला गोऱ्या स्त्रीचंच छायाचित्र प्रमाण मानत. तयार मिळणारी त्वचा घेऊन आपल्याकडचा शेतकरी, ऊसतोड कामगार किंवा शाळेतली पोर उभी करायला गेलं की हा इतिहास आडवा येतो. शिवाय उन्हात राबणाऱ्या माणसाचा एकच रंग नसतोच: बाहीच्या रेषेवर दंड बदलतो, टोपीखालचं कपाळ वेगळं, मान वेगळी, टाचांच्या भेगा वेगळ्या.

छिद्रं आणि सुरकुत्या लागतातच, पण त्या शेवटी. महागड्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर 2002पासून मुक्त स्रोत आहे, फुकट मिळतं, आणि वर सांगितलेलं सगळं त्यात होतं.

काम तपासायचं तर रंगाचा फोटो काढून टाका, सगळ्या अंगाला एकच मध्यम तपकिरी द्या, आणि एकच दिवा डोक्याभोवती सावकाश फिरवा. दिवा मागे गेल्यावर कान उजळला पाहिजे, बाजूला आल्यावर सावलीची कड मऊ झाली पाहिजे, समोर आल्यावर नाक गालापेक्षा जास्त चमकलं पाहिजे. एवढं जमलं की मगच रंग परत लावा.